साइड क्वेस्ट लिहिण्याआधी: आरपीजीतील नायकाचा हेतू आणि त्याची सवड

रोल-प्लेइंग गेम (आरपीजी), म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका निभावतो असा व्हिडिओ गेम, स्वतः तयार करू पाहणाऱ्या हौशी मंडळींचा बराच वेळ साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची ऐच्छिक कामे, रचण्यात जातो आणि खेळणाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारीही त्यांच्याविषयीच असतात. तक्रार कानावर आली की लेखक त्या साइड क्वेस्टचे संवाद सुधारतो, बक्षीस वाढवतो, शेवटी एखादा धक्का घालतो, आणि तरीही खेळाडू तिथे रमत नाही. दोष पुष्कळदा त्या साइड क्वेस्टमध्ये नसतोच. मुख्य मोहिमेने नायकाला असा काही हेतू देऊन ठेवलेला असतो की त्या हेतूशी प्रामाणिक राहणाऱ्या माणसाला वाटेत दुसऱ्याचे काम अंगावर घेणे शोभत नाही. म्हणून पुढील मार्गदर्शनाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे: आधी मुख्य मोहीम तपासायची, मग नायकाला कशाची उणीव आहे ते ठरवायचे आणि साइड क्वेस्ट लिहायला त्यानंतर बसायचे. उदाहरणांच्या ओघात काही गेममधील रहस्ये उघड होतील, हे आधीच सांगून ठेवतो.

मुख्य मोहिमेत सवड ठेवा

2015 साली आलेल्या 'फॉलआउट 4'च्या सुरुवातीला नायकाच्या किंवा नायिकेच्या डोळ्यांदेखत जोडीदाराचा खून होतो आणि तान्हे मूल पळवले जाते. एवढा जबर हेतू दिल्यावर गेम खेळाडूच्या हाती वस्त्या उभारण्याचे काम देतो, आणि प्रेस्टन गार्वी नावाचे पात्र एकामागून एका वस्तीच्या मदतीला पाठवत राहते. भिंती बांधणे, शेती लावणे, विहिरीचा पंप बसवणे हा भाग खेळायला मजेदार आहे, आणि मूल हरवल्याची कथाही आपल्या जागी परिणामकारक आहे. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र पोटचे पोर हरवलेली आई परक्यांच्या वाफ्यात पीक लावत बसलेली दिसते. खेळाडू एक तर मुलाला विसरतो किंवा वस्त्यांवर चिडतो. यातून मार्ग काढण्यासाठी वस्त्यांच्या कामांचे संवाद कितीही सुधारले, तरी फारसा उपयोग झाला नसता, कारण अडचण पहिल्या अर्ध्या तासातच पेरली गेली आहे.

त्याच वर्षी आलेल्या 'द विचर 3' या पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेडच्या गेममध्ये वरवर पाहता हाच पेच आहे. गेराल्ट हा नायक मुलीसारख्या असलेल्या सिरीला शोधतो आहे आणि तिच्या मागावर भयंकर शत्रू आहेत. तरीही त्याच्या साइड क्वेस्ट खुपत नाहीत, निदान तितक्या खुपत नाहीत, आणि त्याची कारणे मुख्य मोहिमेच्या बांधणीत सापडतात. सिरीचा माग थंड पडलेला आहे. कुठे जायचे हे कळण्यासाठी गेराल्टला माणसांना भेटावे लागते, आणि ज्यांना काही ठाऊक आहे ती माणसे फुकट बोलत नाहीत. वेलन प्रांतातला रक्तपिपासू म्हणून ओळखला जाणारा बॅरन सिरीविषयी सांगायला तयार आहे, पण आधी त्याची परागंदा बायको आणि मुलगी शोधून द्यायला हवी. म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत शिरणे हाच सिरीकडे जाण्याचा रस्ता ठरतो. शिवाय गेराल्टचा व्यवसायच मुळी पैसे घेऊन राक्षस मारण्याचा आहे. गावातल्या फळ्यावर लावलेली कामे पाहणे हे त्याच्या पोटापाण्याचे नित्यकर्म आहे. आपली मुलगी हरवलेली असतानाही सुताराला रंधा हाती धरावा लागतो, तसेच हे. (मुलगी संकटात असताना सरायांमध्ये बसून ग्वेंटचे पत्ते कुटण्याचे समर्थन मात्र मलाही करता येत नाही. तो दोष खेळाडू आनंदाने पोटात घालतात, एवढेच.)

यावरून पहिली पायरी निघते. आपल्या मुख्य मोहिमेचा आराखडा समोर ठेवा आणि त्यात नायकाला नाइलाजाने थांबावे लागते अशा जागा शोधा. एकही जागा सापडली नाही, तर ती तयार करा. 2002 सालच्या 'मोरोविंड'मध्ये हे फार साधेपणाने केले आहे. सुटका झालेला कैदी एक पुडके घेऊन बाल्मोरा गावात केयस कोसेडिस या बादशाही हेराकडे येतो, आणि हा हेर त्याला स्पष्ट सांगतो की तू अजून कच्चा आहेस, आधी एखाद्या संघात सामील हो, चार कामे कर, लोकांना दाखवायला काही ओळख मिळव आणि मग परत ये. वर थोडे पैसेही देतो. त्या एका संभाषणाने पुढील पन्नास तासांच्या भटकंतीला वरिष्ठांची परवानगी मिळते, आणि वाटेल तसे हिंडणारा खेळाडू हुकूमही पाळत असतो.

ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही. महाभारतातील कितीतरी उपाख्याने वनपर्वात येतात, कारण तिथे पांडवांना बारा वर्षे काढायची आहेत आणि मुदत संपेपर्यंत मुख्य कथेला पुढे सरकता येत नाही. त्यातले नळाख्यान तर कोणत्याही गेम-लेखकाने समोर ठेवावे असे आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी, द्यूतातच सर्वस्व गमावलेल्या नळाची कथा सांगतो. शेवटी त्याला फाशांची विद्या देतो. आणि हाच युधिष्ठिर पुढे अज्ञातवासात विराटाच्या दरबारी कंक या नावाने फासे खेळणारा म्हणून राहतो. उपकथेला जागा मिळाली ती सवडीमुळे, ती रुचते ती नायकाच्या दुःखाशी जुळते म्हणून, आणि तिच्यातून मिळालेली वस्तू मुख्य कथेत उपयोगी पडते.

घाई मुळीच नको, असे मात्र नाही. 1997 सालच्या पहिल्या 'फॉलआउट'मध्ये भूमिगत वसाहतीसाठी पाणी शुद्ध करणारी चिप आणायला 150 दिवस मिळतात आणि ही मुदत खरोखर मोजली जाते. मुदत खरी असली की प्रत्येक साइड क्वेस्ट हा निर्णय होतो. लांबच्या गावातल्या कामासाठी किती दिवस खर्च करायचे याचा खेळाडूला विचार करावा लागतो. घाई केवळ संवादात असेल आणि घड्याळात नसेल, तर खेळाडू एक तर ती खोटी आहे हे ओळखतो किंवा नको तितकी खरी मानतो. दुसरा प्रकार 2023 सालच्या 'बाल्डर्स गेट 3'मध्ये पुष्कळांच्या बाबतीत घडला. डोक्यात शिरलेल्या किड्यामुळे आपले लवकरच राक्षसात रूपांतर होणार, असे सुरुवातीला बजावले गेल्याने अनेक खेळाडू रात्रीचा मुक्काम टाळू लागले, आणि सोबत्यांचे स्वभाव उलगडणारे कितीतरी प्रसंग मुक्कामावरच घडत असल्याने त्यांना मुकले.

कधीकधी साइड क्वेस्ट न ठेवणे हाच योग्य निर्णय असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली आणलेला 'राजी' हा आरपीजी नव्हे, सरळ रेषेत जाणारा साहसी गेम आहे. त्यात राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत राजी निघते आणि वाटेत कुणाच्या शेळ्या हाकत बसत नाही. तुमच्या कथेचा सारा जीव अशा एकाच ओढीत असेल, तर तिला फाटे फोडू नका.

नायकाची उणीव लिहून काढा

सवड मिळाल्यावर पुढचा प्रश्न येतो की त्या सवडीत नायकाने हेच काम का करावे. इथे बहुतेक लेखक नायकाच्या स्वभावाचे वर्णन करत बसतात: तो शूर आहे, दयाळू आहे, थोडा तिरसट आहे. स्वभावातून साइड क्वेस्ट निघत नाही, कारण दयाळू माणूस कोणालाही मदत करील आणि कोणालाही मदत करणाऱ्याची कोणतीच मदत लक्षात राहत नाही. त्याऐवजी एका कागदावर एकच वाक्य पूर्ण करावे: नायकाला काय हवे आहे, कशासाठी हवे आहे, आणि ते मिळवायला त्याच्यापाशी नेमके काय नाही. वाक्याचा तिसरा भाग महत्त्वाचा. साइड क्वेस्ट त्या 'नाही'तून जन्माला येते.

सर्वांत ढोबळ उणीव पैशाची. 2000 साली आलेल्या 'बाल्डर्स गेट 2'मध्ये इमोएन या बालमैत्रिणीला पकडून नेले जाते आणि तिच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी चोरांच्या टोळीचा माणूस 20,000 मोहरा मागतो. नायकापाशी तेवढे पैसे नसतात. मग अॅथकाटला शहरातील प्रत्येक लहानमोठे काम, मग ते वाड्यातले भूत असो की गटारातले खून, मैत्रिणीच्या सुटकेची वर्गणी होऊन बसते. एका आकड्याने अख्खे शहर हेतूला जोडले गेले. या युक्तीची मर्यादाही लगेच दिसते: रक्कम जमली की हेतू संपतो, आणि त्यानंतरही कामे करत राहणारा खेळाडू ती स्वतःच्या हौसेने करत असतो, नायकाच्या गरजेने नव्हे. म्हणून पैशाची उणीव एखाद्या प्रकरणापुरती वापरावी, संपूर्ण गेमसाठी नको.

स्मृतीची उणीव अधिक दमदार असते. 1999 सालच्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'चा नायक शवागारात जागा होतो, त्याला मरण येत नाही आणि पूर्वायुष्यातले काही आठवत नाही. रस्त्यातल्या कोणत्याही अनोळखी माणसाला तो पूर्वी भेटलेला असू शकतो, त्याचे त्याने वाटोळेही केलेले असू शकते. अशा नायकाला परक्याशी बोलण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागत नाही. नवख्या लेखकांना हा मार्ग मोह घालतो, पण सावध राहावे: विस्मृती हा हेतू तेव्हाच ठरतो, जेव्हा साइड क्वेस्टमधून खरोखर काही आठवते. स्मृती गेलेला नायक उंदीर मारत हिंडू लागला, की विस्मृती ही लेखकाची पळवाट होती हे उघडे पडते.

माणसांची उणीव 2010 सालच्या 'मास इफेक्ट 2'ने वापरली. जिथून कोणी परतत नाही अशा ठिकाणी शेपर्ड या नायकाला पथक न्यायचे आहे, आणि पथकातल्या प्रत्येकाच्या मनात काही ना काही अडकलेले आहे. टाली या सोबतिणीवर तिच्याच लोकांनी देशद्रोहाचा खटला भरला आहे. तिच्यासोबत जाऊन तो लढवणे ही साइड क्वेस्ट. केली नाही तरी कथा पुढे जाते, पण ज्यांचे मन मोकळे झालेले नाही ते सोबती शेवटच्या चढाईत दगावण्याची शक्यता वाढते. दुसऱ्याच्या हेतूला नायकाच्या हेतूत सामील करून घेण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

एक क्वेस्ट जवळून

आता एक काल्पनिक उदाहरण सुरुवातीपासून बांधून पाहू. अठराव्या शतकातला एक जासूद, म्हणजे पत्रे पोहोचवणारा निरोप्या, त्याचे नाव धोंडजी, पुण्याहून साताऱ्याला सरकारी थैली घेऊन पायी निघाला आहे. जासूद जोडीने जात. त्याचा जोडीदार रायाजी तापाने फणफणला आहे. आषाढ लागला आहे, नीरा दुथडी भरून वाहते आहे, नाव बंद आहे. इथे सवड निसर्गानेच दिली, आणि घाई कायम ठेवूनही नायकाला नदीकाठच्या गावात अडकवता आले. त्याचे उणिवेचे वाक्य असे: धोंडजीला थैली वेळेत पोहोचवायची आहे, कारण मागील खेपेला उशीर झाल्याने एका माणसाचा जीव गेला; पण त्याच्यापाशी नदी ओलांडण्याचे साधन नाही, धडधाकट जोडीदार नाही, आणि आपण वाहतो त्या कागदात काय लिहिले आहे हे जाणून घेण्याची हिंमतही नाही. पहिल्या दोन उणिवा बाहेरच्या आहेत आणि तिसरी आतली. बाहेरच्या उणिवा खेळाडूला घराच्या दारापर्यंत नेतात. दार उघडल्यावर जे घडते ते आतल्या उणिवेला भिडले पाहिजे.

पहिल्या मसुद्यात काय लिहिले जाते ते ठरलेले असते. गावातली म्हातारी म्हणते, "हे वीरा, माझ्या दहा कोंबड्या हरवल्या आहेत. त्या शोधून आणल्यास मी तुला पन्नास रुपये देईन." या वाक्यात म्हातारी नाही, धोंडजीही नाही, काम, संख्या आणि मोबदला एवढेच आहे. ते पुसून टाकू. म्हातारीला एक जुने पत्र देऊ. तिचा मुलगा संभा फौजेबरोबर उत्तरेत गेला आहे आणि त्याच्याकडून आलेला कागद कुलकर्ण्यांनी वाचून दाखवला आहे. संभाषण असे सुरू होते:

"थैली कुणाची रं, बाबा?"

"सरकारी आहे, आजी."

"मंजी तुला वाचाय येत असंल."

"वाचायची नसते. पोचवायची असते."

"माझीबी अशीच कुणीतरी पोचिवली. कुळकर्न्यांनी वाचली बी. पर दोन्ही अंगाला लिवलेलं एका दमात कसं संपलं?"

म्हातारीने मदत मागितलेलीच नाही. तिला वाचता येत नसले तरी डोळे आहेत, आणि कागद दोन्ही बाजूंनी भरलेला असताना कुलकर्ण्यांनी 'पोरगा खुशाल आहे' एवढेच सांगितल्याचे तिला खुपते आहे. धोंडजीचे 'वाचायची नसते' हे उत्तर त्याच्या आतल्या उणिवेचे पांघरूण आहे, आणि म्हातारीने नकळत नेमके तेच ओढले. खेळाडूला इथे काम दिलेले नाही; एक शंका दिली आहे. आजवरच्या अनुभवावरून सांगतो की शंकेच्या मागे खेळाडू जितका धावतो तितका पन्नास रुपयांच्या मागे धावत नाही.

कागदात काय असावे? संभा मेला असे लिहिणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते टाळू. संभा जिवंत आहे, त्याने फौज सोडली आहे, उत्तरेत दुसरा संसार थाटला आहे आणि तो परत येणार नाही. कुलकर्ण्यांनी हे दडपले ते दुष्टपणाने नव्हे. खेळाडूपुढे आता खरे पर्याय येतात: सगळे वाचून दाखवायचे, कुलकर्ण्यांचेच वाक्य पुन्हा सांगायचे, आधी कुलकर्ण्यांना जाऊन विचारायचे, किंवा जासुदाचा नियम पुढे करून कागद न उघडताच परत द्यायचा. शेवटचा पर्याय अत्यावश्यक आहे. नकार देता येत नसेल तर होकाराला हेतू उरत नाही, आणि नकारही पात्राच्या तोंडचा असावा. संवादाच्या चौकटीतून नुसते बाहेर पडणे हा नकार नव्हे.

मोबदला म्हणून म्हातारी वरच्या अंगाचा उतार सांगते: पाणी ओसरू लागले की नाव सुरू होण्याच्या अर्धा दिवस आधी तिथून माणूस पायी पार होतो. म्हणजे बक्षीस थेट बाहेरच्या उणिवेला लागू पडले. ही माहिती तिने चारही वाटांवर द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, फक्त देण्याची तऱ्हा निराळी ठेवावी. खरे ऐकलेली म्हातारी पाठमोरी उभी राहून सांगेल, खोटे ऐकलेली हातावर भाकरी ठेवून सांगेल. एका वाटेला बक्षीस आणि दुसरीला शिक्षा ठेवली की खेळाडू निर्णय सोडून उत्तर शोधू लागतो.

राहिले ते मुख्य मोहिमेशी असलेले नाते. साताऱ्याच्या वेशीवर धोंडजीला थैली उघडून पाहण्याची संधी येईल. म्हातारीचा कागद वाचलेल्या धोंडजीला तिथे एक जादा वाक्य मिळते. न वाचलेल्याच्या तोंडी तेच जुने वाक्य येते, 'वाचायची नसते, पोचवायची असते', आणि यावेळी ते खेळाडूला वेगळे ऐकू येते. आरपीजी मेकरसारख्या साधनात यासाठी एक व्हेरिएबल पुरतो: कोणता पर्याय निवडला त्याचा आकडा त्यात ठेवायचा आणि वेशीवर तो तपासायचा. एवढ्याशा खर्चात नीरेकाठचे घर साताऱ्यापर्यंत पोहोचते. मोठ्या गेममधले याचे ठळक उदाहरण 2019 सालच्या 'डिस्को एलिझियम'मध्ये आहे. तिथे एका वृद्ध जोडप्याच्या सांगण्यावरून स्मृती हरपलेला गुप्तहेर अस्तित्वातच नसावा अशा एका किड्याचा शोध घेऊ लागतो. ते काम खुनाच्या तपासापुढे निव्वळ पोरखेळ वाटते. आणि तपासाच्या अगदी शेवटी, खुनी सापडलेल्या बेटावर, तो प्राणी वेताच्या झाडीत उभा असतो.

नायक कोरा असेल तर

गेराल्टसारखा घडवलेला नायक असेल तर वरील रीत सरळ लागू पडते. नायक खेळाडूनेच घडवायचा असेल, तर हेतू लिहून देता येत नाही. तो विचारावा लागतो. 2010 सालच्या 'फॉलआउट: न्यू वेगास'मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या टपालवाल्याला गुडस्प्रिंग्स गावचा डॉक्टर वाचवतो. टपालवाल्याविषयी आपल्याला फारसे काहीच ठाऊक नाही. मग त्याच गावावर पावडर गँगर्स या टोळीचे संकट येते आणि खेळाडू गावाच्या बाजूने उभा राहू शकतो किंवा टोळीच्या. गावकऱ्यांना तयार करण्याचे मार्गही नायकाच्या कौशल्यानुसार बदलतात: कुणाला बोलण्याने, कुणाला व्यवहाराने, कुणाला सुरुंगाच्या ज्ञानाने वळवता येते. उपकाराची फेड, पैशाची हाव, निव्वळ खोडसाळपणा, यांतला कोणताही हेतू चालतो, कारण डॉक्टरचा उपकार हा धागा सर्वांच्या हाती आधीच दिलेला आहे.

लेखकाने यातून उचलायचे ते असे: एकाच होकाराची दोनतीन वाक्ये लिहावीत, प्रत्येकाचे कारण निराळे असावे आणि निवडलेले कारण समोरच्या पात्राने ऐकले आहे असे पुढे कुठेतरी दिसावे. 'करतो', 'किती देणार?' आणि 'तुमच्या भावाचे माझ्यावर ऋण आहे' या तिन्हींनी क्वेस्ट सुरू होते, पण तीन निराळी माणसे कामाला लागतात.

भरताड आणि त्याची तपासणी

नकाशा रिकामा दिसतो म्हणून घातलेल्या क्वेस्टविषयी फार बोलण्यासारखे नाही. 'स्कायरिम'ने 2011 साली आपोआप तयार होणारी, न संपणारी कामे दिली; ती हत्यार परजायला बरी, स्मरणात एकही राहत नाही. 2014 सालच्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये हिंटरलँड्स या पहिल्याच मोठ्या प्रदेशात इतकी किरकोळ कामे पेरली होती की पुष्कळ खेळाडू तिथेच अडकून कंटाळले. एकट्याने गेम करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. चार तासांच्या गेमला पाच-सहा विणलेल्या साइड क्वेस्ट भरपूर होतात.

लहान क्वेस्ट म्हणजे भरताड, असे मात्र समजू नये. 'द विचर 3'च्या पहिल्याच गावात एक म्हातारी बंद झोपडीच्या दाराशी उभी असते. आत शिरलेल्या परक्याने तिचा तवा नेला आहे आणि तो तिला परत हवा आहे. गेराल्ट दार फोडतो. आत प्रेत आहे, जळके कागद आहेत आणि तवा लख्ख घासलेला आहे, कारण त्यावरची काजळी खरवडून शाई केली गेली होती. बक्षीस नगण्य. तरी हा तवा खेळाडूंच्या लक्षात राहतो, कारण मागे राहिलेल्या खुणा वाचणे हेच गेराल्टचे कसब आहे आणि त्या कसबाला इथे तव्याएवढीच पण नेमकी संधी मिळते.

आपली क्वेस्ट कोणत्या जातीची झाली आहे हे कळण्यासाठी दोन तपासण्या करता येतील. एक घरबसल्या होते: खेळाडूला गेममध्ये दिसणाऱ्या नोंदवहीतील क्वेस्टची नोंद नायकाच्या आवाजात लिहून पाहावी. 'द विचर 3'च्या नोंदी गेराल्टचा कवी मित्र डँडेलियन लिहितो, त्यामुळे साध्या कामालाही कुणाची तरी नजर मिळते. धोंडजीची नोंद 'म्हातारीला भेटा' अशी झाली तर क्वेस्ट अजून कच्ची आहे. 'कुलकर्णी खोटे का बोलले असतील, हा माझा प्रश्न नव्हे, तरी डोक्यातून जात नाही' अशी नोंद सहज सुचली तर हेतू जागेवर बसला.

दुसऱ्या तपासणीला चार मित्र लागतात. गेममधील सर्व साइड क्वेस्टची बक्षिसे, अनुभवाचे गुणसुद्धा, तात्पुरती काढून टाकावीत आणि मित्रांना काही न सांगता खेळायला बसवावे. बक्षीस नसतानाही ते जिकडे वळतात त्या क्वेस्टना हात लावू नये. जिकडे कोणीच वळत नाही तिथे मोबदला वाढवण्याच्या भरीस न पडता आधी ती क्वेस्ट कोणत्या उणिवेला जोडली होती ते कागदावर पाहावे, आणि जोडलेलीच नसेल तर काढून टाकावी. जोडलेली असूनही खेळाडू पुढे निघून जात असतील, तर बहुधा जागा चुकलेली असते. म्हातारी गावाच्या टोकाच्या झोपडीत बसली असेल, तर तिला घाटावर आणावे, जिथे धोंडजी पाण्याची पातळी पाहायला पुन्हा पुन्हा येणारच आहे.